गार्डन रीचमध्ये तळमजल्यावर घर? पाणी अडवण्याचा खर्च आधी मांडा

कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वे मुख्यालयात, बंदरात किंवा जहाजबांधणी कारखान्यात बदली झाली आणि तळमजल्यावरचं घर स्वस्तात मिळालं, तर भाड्यासोबत पाण्याचाही खर्च धरा. हुगळीला इथे समुद्राची भरती येते. नदी गल्लीत शिरू नये म्हणून भरतीच्या वेळी नाल्यांचे लॉकगेट बंद करतात. नेमका तेव्हाच पाऊस कोसळला, की गल्लीतलं पाणी ओहोटीपर्यंत तुंबतं. २३ सप्टेंबर २०२५ ला शहरात २४ तासांत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस झाला. किमान दहा जण दगावले, बहुतेक विजेच्या धक्क्याने.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवून घ्या: आधी वीज, मग मोरी, मग दार. खालचे दर अंदाजे आहेत. दुकान आणि मजुरीप्रमाणे बदलतील.

वीज : २ ते ५ हजार रुपये
मीटर जिन्याखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर असेल, तर तो वर घेण्यासाठी घरमालकाला सीईएससी या वीजकंपनीकडे अर्ज करायला सांगा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि खालचे प्लग वेगळ्या एमसीबीवर घ्या. इलेक्ट्रिशियन जाण्याआधी ‘टेस्ट’ बटण दाबा. स्विच खटकन पडलाच पाहिजे. पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच, कोरड्या जागी उभं राहून मेन बंद करा.

मोरी : १ ते ३ हजार रुपये
पुष्कळदा दाराआधी संडास-मोरीतूनच पाणी उलटं वर येतं. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या, पण झाकण उघडून साफ करता येईल असाच. झडपेत केस किंवा गाळ अडकला, की ती मिटत नाही. झडप मिटलेली असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेव्हा बादल्या ओतू नका. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

दार : दीड ते पाच हजार रुपये
वाळूच्या पोत्यांचा बांध उंचीच्या तिप्पट रुंद लागतो. चार फूट लांब, एक फूट उंच बांधाला साधारण २४ पोती. दोन फुटांना ८४. उंची दुप्पट, पोती साडेतीनपट. त्यामुळे दोन फुटांवर थांबा आणि उरलेल्या पैशांत फ्रिज-कपाटासाठी उंच स्टँड करून घ्या.

पोतं अर्ध्यापेक्षा थोडं जास्तच भरा. गच्च भरलेल्या पोत्यांमध्ये फटी राहतात. तोंड दुमडून खाली दाबा, विटांसारखे सांधे मोडत थर रचा, पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक घाला. पूर ओसरल्यावर ती वाळू घाण झालेली असते, पुन्हा वापरू नका. पंपाची घाई करू नका: गल्ली भरलेली असताना उपसलेलं पाणी टाकणार कुठे?

विमा आणि सरकारी मदत
‘भारत गृह रक्षा’ विम्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमा काढता येतो. गाडीच्या विम्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोडून घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नका. आपत्ती निधीच्या २०२२–२६ च्या निकषांत मृत्यूसाठी ४ लाख रुपये ठरवले होते. घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. एका फ्रिजचीही भरपाई यात होत नाही. पाणी ओसरताच फोटो काढा, बिलं जपा.

फुकट, पण सगळ्यात आधी
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात गार्डन रीचच्या वेळा स्वतंत्र दिलेल्या असतात. जून ते ऑक्टोबरमधल्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेवर आणि पुढच्या दोन-तीन दिवसांवर, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांवर, कॅलेंडरमध्ये खूण करा. त्यांपैकी एखाद्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल, तर कागदपत्रं माळ्यावर, स्कूटर उंचावर आणि पोती दाराशी आदल्या संध्याकाळीच असू द्या.