रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

प्रश्न : आमच्या वहिनीचं सारं अंग तीन वर्षांपासून दुखतं. रात्रभर झोपली तरी सकाळी थकलेलीच उठते. आधी नांदगावात, मग अमरावतीला दाखवलं. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल आलं. शेवटी एका डॉक्टरांनी कागदावर ‘फायब्रोमायल्जिया’ लिहून दिलं. आई म्हणते, “रिपोर्टात काईच नाई निंघालं, मंग दुखते काहून?” हा आजार खरा आहे, की काही सापडलं नाही म्हणून दिलेलं नाव?
— एक वाचक, नांदगाव खंडेश्वर (जि. अमरावती)

उत्तर : आजार खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे आणि वहिनींना होतं ते दुखणंही खरं आहे. तरीही तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आपण करतो त्या तपासण्या ठरावीक गोष्टी शोधतात. एक्स-रे हाडाची मोड आणि झीज दाखवतो, एमआरआय मणक्यातली दबलेली नस दाखवतो, रक्ताच्या तपासणीत सूज किंवा जंतुसंसर्ग कळतो. फायब्रोमायल्जियात यातलं काहीच झालेलं नसतं. बिघाड असतो तो वेदनेचा संदेश वाहून नेणाऱ्या आणि त्याचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू यांच्या कामात. जिथं बिघाड आहे तिथं या तपासण्या बघतच नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. अर्धशिशीचंही असंच आहे. डोकं फुटेल इतकं दुखत असतानाही स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. पण अर्धशिशी घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळे तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

याला पुरावा आहे. २००२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेतली. त्यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. निरोगी माणसाला जितकं दुखायला जेवढा दाब लागला, त्याच्या जवळपास निम्म्या दाबाला रुग्णांना तितकंच दुखलं. मेंदूतली वेदनेशी संबंधित केंद्रंही तशीच जागी झालेली दिसली. ढोंग करणारा माणूस तोंड वेडंवाकडं करू शकतो, मेंदूतली ही केंद्रं ठरवून जागी करणं त्याला सोपं नसतं. त्याआधी रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेचा संदेश पोचवणारं रसायन निरोगी माणसांपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. २०२१ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तेव्हा त्या उंदरांना दाब आणि थंडी जास्त बोचू लागली. यातून रोजच्या वापराची रक्ततपासणी अजून तयार झालेली नाही. पण ज्यांच्या दुखण्याला नुसतं ‘मनाचे खेळ’ म्हटलं गेलं, त्यांच्या शरीरात काहीतरी घडत असतं, एवढं नक्की.

प्रश्न : काही डॉक्टरही हा आजार मानत नाहीत असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि ते लपवण्याचं कारण नाही. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं या आजाराचे निकष ठरवले. किमान तीन महिने अंगभर दुखणं आणि शरीरावरच्या १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागा दाबल्यावर दुखणं, असे ते निकष होते. ते निकष मांडणाऱ्या लेखाचे प्रमुख लेखक डॉ. फ्रेडरिक वुल्फ यांनीच पुढं जाहीरपणे शंका घेतली. हा वेगळा आजार मानण्याऐवजी ताण, नैराश्य आणि आर्थिक-सामाजिक चिंता यांना शरीरानं दिलेला प्रतिसाद मानावा, असं त्यांचं मत झालं. लोकांना आजाराचं लेबल लावून आपण त्यांना आणखी आजारी करतो का, हीही काळजी त्यामागे होती. इतर अनेक तज्ज्ञांना हे पटलं नाही. २०१० मध्ये निकष बदलले. जागा दाबून मोजणं मागं पडलं. दुखणं शरीरात किती ठिकाणी आहे, थकवा किती, झोपेनं ताजंतवानं वाटतं का, विसरायला होतं का, हे विचारणं आलं. ते निकष ठरवणाऱ्यांतही डॉ. वुल्फ होते.

हा वाद नीट समजून घ्या. दुखण्याला कोणतं नाव द्यायचं, त्याचं मूळ किती शरीरात आणि किती मनावरच्या ताणात, यावर डॉक्टर भांडतात. रुग्णाला दुखतं की नाही, हा त्यांच्या वादाचा विषयच नाही. आणि समजा ताणानं किंवा उदासीनं दुखणं वाढलं, तरी ते खोटं होत नाही. ताणानं रक्तदाब वाढतो, तेव्हा आपण रक्तदाबाला ढोंग म्हणत नाही.

प्रश्न : शेजारच्या बाया म्हणतात, “वेचनी आली का हिचं आंग दुखते.” यावर काय सांगायचं?

उत्तर : त्यांनी पाहिलं ते बरोबर आहे, काढलेला अर्थ चूक आहे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की दिवसभर वाकून राहायचं, ओटीतलं ओझं कमरेवर वागवायचं, पहाटे उठून घरचा स्वयंपाक उरकायचा. श्रम वाढतात आणि झोप कमी होते. या दोन्हींनी फायब्रोमायल्जिया भडकतो. ज्याला शेजारीण निमित्त समजते, ते आजाराचं लक्षण आहे. त्यात वेचणीची मजुरी किलोवर. जिचा कापूस कमी भरतो ती कामचुकार ठरते, मग तिच्या दुखण्याकडं कोण बघतो?

२००६ ची चिकुनगुन्याची साथ आठवा. तेव्हाही सांधे धरले होते, माणसं भिंतीला धरून चालत होती, कित्येकांचं दुखणं महिनोन्‌महिने राहिलं. त्यातल्या बहुतेकांची रक्ततपासणी झालीही नव्हती, तरी कोणी कोणाला खोटं म्हटलं नाही, कारण घरोघरी एकच हाल होते. फायब्रोमायल्जियात बहुधा घरातल्या एकाच माणसाला दुखतं आणि बाकीचे धडधाकट असतात. साक्षीदार नसतो, म्हणून विश्वास बसत नाही.

पण वहिनी एकट्या नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची विचारपूस केली. शंभरात सुमारे १८ जणांना हाडं-स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचं दुखणं झिजेच्या किंवा सुजेच्या संधिवातात बसत नव्हतं. ते सगळे फायब्रोमायल्जियाचे रुग्ण नव्हते. पण ज्या दुखण्याला ओळखीचं नाव नाही, ते खेड्यात किती आहे हे त्यातून दिसतं. हा आजार बायकांमध्ये अधिक आढळतो, तरी पुरुषांनाही होतो. ते बोलत नाहीत इतकंच.

प्रश्न : मग आता करायचं काय?

उत्तर : आधी एक खात्री करून घ्या. अंग दुखण्याची दुसरी कारणंही असतात, आणि ती या आजारासोबतही असू शकतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि सुजेच्या तपासण्या झाल्या आहेत का ते कागदात पाहा. विदर्भात सिकलसेलची तपासणी विसरू नये. सांध्यावर उघड सूज, ताप, वजन घटणं किंवा हातापायातली शक्ती कमी होणं यातलं काही दिसलं, तर पुन्हा डॉक्टरांकडं जा. अकोला-नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागाला दाखवता येईल.

दर आठवड्याला सुई टोचून घेणं आणि सलाईन लावणं चालू असेल, तर बंद करा. सुईतून स्टेरॉईड दिलं, तरी या आजारात त्याचा उपयोग नाही, अपाय मात्र होतो. साध्या वेदनाशामक गोळ्यांचाही फारसा गुण येत नाही, आणि त्या वर्षानुवर्षं घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन या औषधांनी काहींना आराम पडतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावीत, मनानं बंदही करू नयेत. यातली काही औषधं उदासीवरही देतात, म्हणून ‘वेड्याच्या गोळ्या’ म्हणत फेकून देऊ नका.

सर्वांत भक्कम शिफारस आहे ती व्यायामाची. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळालेला उपाय हा एकच आहे. शेतातलं काम म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात वेग आणि वेळ आपल्या हाती नसतात. सुरुवातीला रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यानं चालावं, सोसेल तसं आठवड्या-आठवड्यानं वाढवावं. पहिले काही दिवस दुखणं वाढल्यासारखं वाटेल. थोडं कमी करावं, पण सोडू नये. झोपेची वेळ ठरलेली असावी. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेलं सगळं काम एकदम उपसू नये.

या आजारानं जीव जात नाही, सांधे वाकडे होत नाहीत. पूर्ण बरं होण्याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं आटोक्यात येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, फायब्रोमायल्जिया नाही. त्यामुळे वहिनींना प्रमाणपत्राचा आधार मिळणार नाही, आधार द्यायचा तो घरानंच. चालण्याची वेळ आणि पुरेशी झोप औषधाच्या दुकानात मिळत नाही. पहाटेच्या कामाचा एक वाटा तुम्ही आणि भाऊ उचला, संध्याकाळी अर्धा तास त्यांना मोकळा ठेवा, आणि आईंना हे उत्तर वाचून दाखवा. वहिनींच्या उपचाराची सुरुवात त्यांच्यावर विश्वास ठेवण्यापासून होते.