आम्लपित्तावरील गोळ्या आणि रात्रीची झोप

सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी एक गोळी घेण्याची सवय आज अनेक घरांतून आढळते. छातीतील जळजळ, करपट ढेकर, घशाशी येणारे आंबट पाणी यांवर ती घेतली जाते आणि बहुतेकांना तिचा गुणही येतो. या गोळीचा झोपेशी काही संबंध असेल, अशी शंका मात्र सहसा कोणाला येत नाही. झोप मोडते ती कामाच्या काळजीने वा वयोमानाने, अशी समजूत करून घेतली जाते आणि मग झोपेची दुसरी गोळी सुरू होते. ही दुसरी गोळी सुरू होण्यापूर्वी पहिलीचा विचार व्हावयास हवा.

जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढू नये म्हणून दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. ते सैल पडले की आम्ल वर येते. दिवसा मनुष्य वरचेवर लाळ गिळतो, त्यामुळे वर आलेले आम्ल खाली जाते व सौम्यही होते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळण्याची क्रिया विरळ होते आणि शरीर आडवे असल्याने आम्ल आपोआप खाली उतरत नाही. ते बराच वेळ अन्ननलिकेत राहते. प्रत्येक वेळी जळजळ होऊन जाग येतेच असे नाही. पुष्कळदा झोप केवळ चाळवते, त्याची आठवणही राहत नाही, आणि सकाळी अंग जड वाटते. अपुऱ्या झोपेमुळे अन्ननलिका अधिक हळवी होते, ही त्यात आणखी भर. म्हणून आम्ल आटोक्यात आणणारे औषध अशा रुग्णाची झोप सुधारते, हे प्रथम नमूद केले पाहिजे.

अडचण येते ती औषधाच्या वेळेमुळे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल स्रवणाऱ्या 'पंपां'ना बंद करतात. परंतु जे पंप त्या वेळी चालू असतील त्यांनाच. पंप चालू होतात ते अन्नामुळे, आणि औषध रक्तात फार तास टिकत नाही. यास्तव गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. पहाटे गोळी घेऊन, चहावर निघून, दुपारी एक वाजता डबा उघडणाऱ्या शिक्षकाला तिचा पुरता लाभ होत नाही. रात्री जेवणानंतर अंथरुणावर पडताना ती घेणाऱ्याचीही तीच गत. योग्य वेळी, दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्यांतही रात्री तासाहून अधिक काळ आम्ल पुन्हा वाढू शकते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्याचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे त्याने ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गोळी सायंकाळच्या जेवणापूर्वी हलविता येते. झोपताना फॅमोटिडीन देण्याचीही पद्धत आहे, पण ते रोज घेतल्यास एकदोन आठवड्यांतच त्याचा प्रभाव ओसरू लागतो.

काही वेळा औषधच झोपेच्या आड येते. निद्रानाश हा या गोळ्यांचा विरळा, पण नोंदलेला दुष्परिणाम आहे. अनेक महिने त्या घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम घटते व रात्री पोटरीत गोळे येतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषणही कमी होते, आणि शाकाहारी व्यक्तीच्या आहारात ते आधीच बेताचे असते. अधिक काळजीची बाब म्हणजे ओमेप्राझोल व डायझेपाम यांची जोडी. ओमेप्राझोलमुळे यकृताकडून डायझेपामचा निचरा मंदावतो, रात्रीची गुंगी दुसऱ्या दिवशी उतरत नाही आणि वृद्ध मनुष्य पडण्याचा धोका वाढतो. दोन गोळ्या दोन डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

म्हणून गोळी एकदम सोडावी काय? तसेही नव्हे. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० निरोगी व्यक्ती घेतल्या होत्या. निम्म्यांना आठ आठवडे या वर्गातील औषध व निम्म्यांना औषधहीन गोळी देण्यात आली. औषध बंद केल्यानंतर पहिल्या गटातील ४४ टक्के व्यक्तींना आम्लाचा त्रास जाणवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना मुळात आम्लपित्त नव्हतेच, त्यांची ही स्थिती! गोळी सोडल्यावर चार रात्री वाईट गेल्या की मनुष्य ती जन्मभराची समजून पुन्हा सुरू करतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी. रक्तस्राव टाळण्यासाठी अॅस्पिरिनसारख्या औषधासोबत ती दिलेली असल्यास मनाने मुळीच थांबवू नये.

औषधाविनाही पुष्कळ साधते. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. रात्री दहाला बैठक आटोपून जेवणाऱ्या पंचांना हे अवघड आहे खरे, पण बैठकीपूर्वी जेवून घेता येते. पलंगाचे उशाकडील पाय विटा ठेवून १५ ते २० सेंटिमीटर उंच करावेत. नुसत्या उशा वाढविल्याने पोट दुमडते व उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर निजावे. तंबाखू स्नायूंचे कडे सैल करते, तेव्हा झोपण्यापूर्वीची चिमूट सोडलेली बरी.

घास अडकणे, वजन उतरणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकी काही आढळल्यास गोळी बदलत न बसता तपासणी करून घ्यावी. छातीतील कळ हातात वा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर तिला पित्त न समजता तात्काळ रुग्णालय गाठावे.