तिवराच्या पानावरचे मीठ : जवळून फोटो कसा काढावा?

कोकणात खाडीकाठी वाढलेल्यांना तिवर ठाऊक आहेच. तेच झाड, शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरीना, कतारमध्ये अल खोर शहराजवळ अल थखिरा येथील खारफुटीच्या वनात वाढते. तिवर खाऱ्या पाण्यावर जगतो आणि जादा मीठ पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. पाणी सुकले की पानावर मिठाचे कण चमकतात. हे पाहून पुष्कळजण फोटो काढतात. पण घरी येऊन पाहावे तर पान धूसर आणि मीठ गायब!

तेथे ट्रायपॉड रोवू नये. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळे ही झाडाची श्वासमुळे आहेत. ती मोडली तर झाडाला इजा होते. पानही तोडू नये. म्हणून कॅमेरा हातातच धरावयाचा.

फोटो बिघडतो का, ते आधी समजून घेऊ. वस्तूचे चित्र तिच्या मूळ आकाराएवढे घेतले, तर एफ/८ वर सुस्पष्ट भागाची जाडी जेमतेम १ मिलिमीटर असते. उभा माणूस नकळत त्याहून अधिक पुढेमागे झुलतो. फोकस अचूक असूनही बटण दाबेपर्यंत पान त्या थरातून निसटते. वाऱ्याने पान हलते, ते वेगळेच. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताचा कंप कमी करते. शरीराचे पुढेमागे झुलणे आणि पानाचे हलणे ते थांबवू शकत नाही.

आता उपाय पाहू.

१. दमट हवेत गार मोटारीतून कॅमेरा एकदम बाहेर काढल्यास भिंगावर वाफ धरते. तो पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेइतका उबदार होऊ द्यावा.

२. पहाटेच्या दवात मीठ विरघळते. पान सुकल्यावर, वारा मंद असताना, तिरप्या उन्हात फोटो घ्यावा.

३. ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ आणि शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवावा. एफ/२२ पर्यंत जाऊ नये; छिद्र फार लहान झाले की सगळेच चित्र मऊ पडते.

४. कॅमेऱ्याची पाठ पानाला समांतर धरावी, म्हणजे पानाचा जास्तीत जास्त भाग त्या पातळ थरात बसतो.

५. कोपरे बरगड्यांना टेकवावीत. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ हलकेच धरून त्याच हातावर भिंग टेकवावे. मग पान आणि कॅमेरा एकत्र हलतात, अंतर बदलत नाही. सगळ्या पाठाचे मर्म हेच.

६. फोकस हाताने ठरवून ठेवावा. श्वास सोडत किंचित पुढे सरकावे आणि कण स्पष्ट दिसताच सलग पाच-सहा फोटो घ्यावेत. तेथेच मोठे करून तपासावेत.

शेवटी गृहपाठ. घरी खिडकीजवळ फूटपट्टी तिरपी ठेवा आणि तिचा जवळून एफ/४, एफ/८ व एफ/१६ वर एकेक फोटो घ्या. प्रत्येकात किती मिलिमीटरच्या रेघा स्पष्ट आल्या, त्या मोजा. एकदा हे डोळ्यांनी पाहिले, की पानासमोर हात कसा धरावा ते कोणी सांगावे लागणार नाही.