कुटाचा डबा

चि. छोटीस,


परवा फोनवर तू मुलाच्या दाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारलंस ते दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र वाचून झालं की सासूबाईंनाही वाचायला दे. स्वयंपाकघर त्यांचंही आहे, त्यांना वगळून यातलं काहीच होणार नाही.

आधी निदानाचं. चिक्कीचा तुकडा खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि त्वचेवरच्या चाचणीतही शेंगदाणाच निघाला. आता शंकेला जागा नाही. सासूबाई ‘पित्त उठलंय’ म्हणाल्या यावर रागावू नकोस. अंगावर गांधी दिसल्या की आमसुलाचं पाणी चोळायचं, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. त्यांना एवढंच समजावून सांग, की त्याचं शरीर दाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि मागच्या वेळी किती त्रास झाला यावरून पुढच्या वेळचा अंदाज बांधता येत नाही. एकदा नुसत्या गांधींवर निभावलं, तरी पुढच्या खेपेला श्वास कोंडू शकतो. ‘थोडं थोडं देऊन सवय करू’ हा प्रयोग घरी कुणीही करायचा नाही.

माझं मुख्य सांगणं एकच आहे: लोकांच्या लक्षात राहण्यावर पोराचा जीव टांगून ठेवू नकोस. तू घरात प्रत्येकाला दिवसातून चारदा बजावतेस, मग भांडण होतं, मग तू रडतेस. बजावण्याने माणसं कंटाळतात आणि कंटाळलेली माणसं चुकतात. म्हणून व्यवस्थाच अशी लाव, की एखादा विसरला तरी काही बिघडू नये. रात्री झोपताना आपण गॅसचा नॉब बंद करतो तेव्हा घाबरलेले नसतो, हाताला वळण असतं म्हणून करतो. तसं हे वळण पडलं पाहिजे.

सुरुवात कुटाच्या डब्यापासून कर. आपल्या घरांत दाण्याचं कूट मिठासारखं वापरलं जातं: साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, पंचामृत, पोह्यांवर वरून पडणारे दाणे. ‘त्याच्या वाटणीचं वेगळं काढते’ यावर विसंबू नकोस. तोच कालथा, तेच चटणीचं भांडं, तळणीचं तेच तेल. चूक तिथे होते. त्यापेक्षा निदान पहिलं वर्षभर दाणे घरात आणूच नका. खिचडीला ओलं खोबरं आणि जिऱ्याची फोडणी पुरते. भगरीबरोबर दाण्याच्या आमटीऐवजी उपवासाची ताकाची कढी चालते. कोकणात निम्मा स्वयंपाक खोबऱ्यावरच होतो, काही अडत नाही. तेलाकडेही बघ. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण हल्ली सगळ्यांना आवडतं त्या लाकडी घाण्याच्या तेलात ते उरतं. तुम्ही तेलही बदलूनच टाका, म्हणजे फरक लक्षात ठेवायची गरज नाही.

पाकीटबंद वस्तूंवर शेंगदाणा असल्यास तसं छापणं आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे. प्रत्येक वेळी पाकीट उलटून वाच, कारण नेहमीच्या बिस्किटाची कृतीही बदलते. सुटं फरसाण, चिवडा, मिठाईच्या दुकानातले लाडू यांच्यावर काहीच छापलेलं नसतं. ते सरळ बंद.

आता तू पाठवलेल्या त्या लांबलचक रिपोर्टबद्दल. त्यात गहू, दूध, तूरडाळ, टोमॅटो, सगळ्यांपुढे लाल खुणा आहेत. रक्तात किंवा त्वचेवर खूण उमटणं आणि ते खाऊन त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही ‘आयजीजी’ प्रकारच्या चाचण्यांनी ॲलर्जीचं निदान होतच नाही. जो मुलगा रोज वरणभात आणि पोळी मजेत खातो, त्याच्या ताटातून ते काढू नकोस. शेंगदाणा डाळींच्याच कुळातला असला, तरी दाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं डाळी नीट पचवतात. काजू-बदामांचं मात्र डॉक्टरांना वेगळं विचार. मुलांच्या वॉर्डात नोकरी करताना ॲलर्जीपेक्षा पथ्याने खंगलेली मुलं मी जास्त पाहिली.

सगळं करूनही एखादा दाणा पोटात जाईल, असं धरूनच तयारी ठेव. नुसत्या गांधी उठल्या, तर डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं औषध दे आणि त्याच्याजवळ बसून राहा. पण आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, छातीत घरघर लागली, मूल पांढरंफटक पडलं किंवा मलूल झालं, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर पहिलं औषध ॲड्रिनॅलिन. ॲलर्जीची गोळी खाज घालवते, कोंडलेला श्वास मोकळा करत नाही. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज हाती लागत नाही. म्हणून डॉक्टरांकडून ॲम्प्यूल, एक मिलीची सिरिंज आणि वजनाप्रमाणे लिहिलेला डोस घे. साधारण मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला नेहमीच्या एक मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधलं ०.१५ मिली. पण आकडा डॉक्टरांच्या अक्षरात हवा आणि सिरिंजवर खूण त्यांच्याकडूनच करून घ्यायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. तू, जावईबापू आणि सासूबाई, तिघांनी दवाखान्यात शिकून घ्या आणि घरी पाणी भरून मोसंबीवर हात बसवा.

इंजेक्शन देऊन मगच १०८ ला फोन किंवा गाडी. त्याला आडवं ठेव, पाय थोडे उंच. धाप लागली असेल तर बसू दे, पण चालवू नकोस. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो, म्हणून ॲम्प्यूल दोन ठेव. बरा दिसला तरी रुग्णालयात काही तास थांबायचंच, कारण त्रास उलटून येऊ शकतो. आणि त्याचा बालदमा आटोक्यात ठेव. दमा बिघडलेला असताना ॲलर्जी फार महागात पडते.

शाळेला एका पानाचा कागद दे: फोटो, काय खायचं नाही, लक्षणं, औषध, फोन नंबर. वाढदिवसांसाठी त्याच्या खाऊचा डबा बाईंकडे ठेव, म्हणजे तो वगळला जाणार नाही. त्याला वेगळं बसवा असं मात्र म्हणू नकोस. शेजारच्या मुलाच्या डब्यातल्या दाण्याच्या वासाने सहसा काही होत नाही, धोका तोंडात जाण्याचा आहे. हात साबणाने धुवायला लाव. सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन निघत नाही. त्याला एकच वाक्य पाठ करव: ‘आईला विचारून खातो.’ चार वर्षांचं पोर हे सहज शिकतं. पण त्याच्यासमोर ‘मरशील’ हा शब्द काढू नकोस, नाहीतर ते जेवणालाच भिऊ लागेल.

पोटातल्या बाळासाठी तू दाणे सोडण्याची गरज नाही. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या चमूने इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेऊन अभ्यास केला होता; तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. लवकर सुरू करून नियमित दाणे खाल्लेल्यांत पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा धाकट्याला सहाव्या महिन्याच्या आसपास, डॉक्टरांना विचारून, दाण्याची पातळ पेस्ट सुरू कर. अख्खा दाणा नको, तो घशात अडकतो. थोरल्यापासून लांब, माहेरी येऊन भरवता येईल. थोरल्याची चाचणी दरवर्षी करत जा. दाण्याची ॲलर्जी पाचांतल्या एखाद्याचीच जाते, पण जाते. ती गेली की नाही हे रुग्णालयात देखरेखीखाली खाऊ घालूनच ठरतं.

गणपतीला गावी जरूर जा. फक्त तिथून जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे आणि रात्री डॉक्टर असतात का, ते आधी विचारून ठेव. गौरीच्या जेवणाला पंचामृत आणि अळूची भाजी असणारच, म्हणून त्याचं ताट तू स्वतः वाढ. मोदक नारळाचे आहेत, ते पोटभर खाऊ दे.

शाळेचा कागद तयार झाला की एक प्रत मलाही पाठव आणि ॲम्प्यूलवरची मुदतीची तारीख कळव. ती मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, महिनाभर आधी तुला फोन करीन.

तुझी,
मावशी