पाठीवरचे ओझे आणि झाडावरची झोळी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे मित्र गुहागरहून पायी वेळणेश्वर व पुढे हेदवी असे भटकून आलो. रात्री झाडाला हॅमॉक बांधून झोपायचे असे ठरले होते. निघण्यापूर्वी माझी पाठपिशवी दुकानातल्या काट्यावर ठेवली, ती पाण्यासह १४ किलो भरली. कोकणच्या दमट हवेत हे ओझे घेऊन पहिली चढण चढताना जे हाल झाले, त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

हॅमॉक हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला तरी मूळ इंग्रजी नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा ‘हमाका’ शब्द १४९२ नंतर स्पॅनिश दर्यावर्दींबरोबर युरोपात गेला. मेक्सिकोच्या युकातान भागात व ब्राझीलच्या ईशान्येस आजही घरोघर लोक त्यात झोपतात. कारण उघड आहे. उष्ण प्रदेशात अंगाखालून वारा खेळतो आणि जमिनीवरचे किडे-विंचू दूर राहतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. शेतात राबणारी आई बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या मुलाला निजवते, ते दुसरे काय आहे?

घरी परतल्यावर आमच्या दादांनी (म्हणजे वडिलांनी) पिशवी ओट्यावर उपडी केली. ते बाजारात हमाली करतात. ओझ्याविषयी त्यांच्याइतके जाणणारे मी तरी कोणी पाहिले नाही. एकेक वस्तू उचलून ते विचारीत, “हे कधी लागलं?” न लागलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग झाला. त्यात सतरंजी, गोधडी, दुसरी जीन पँट, स्वेटर, जाड टॉवेल, स्टीलचा मोठा डबा आणि चक्क दोन जाडजूड पुस्तके निघाली. तो ढीग साडेपाच किलोचा होता. झोळीत झोपणाऱ्याला सतरंजी कशाला, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जमिनीवर झोपण्याचे सामान आणि अधांतरी झोपण्याचे सामान, दोन्ही मी वाहिले होते.

जाड दोराचीही तीच गत. झोळी ताठ बांधली म्हणजे मजबूत, असा आपला समज असतो. वास्तविक उलटे आहे. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करील इतकी ढील दिली, तर ६० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरावर पडणारा ताण ६० किलोच असतो. तोच कोन १० अंशांवर आणला की ताण सुमारे १७३ किलो होतो! म्हणजे ढिली झोळी कमी दोरावर भागते, शिवाय तिरपे झोपले की पाठही सरळ राहते. मात्र झाडाभोवती दोर नको, तो सालीत रुततो. नायलॉनची रुंद नवार गुंडाळून तिला दोर बांधावा. नारळाचे झाड टाळावे. वरून नारळ किंवा झावळी पडली तर हलके सामान काय कामाचे? आंबा-फणस उत्तम, अर्थात वाडीच्या मालकाला विचारून.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातही रात्रीचा पारा सहसा १८ अंशांच्या खाली फारसा जात नाही, त्यामुळे गोधडीची गरज नसते. पण पहाटेचा वारा झोळीच्या तळातून लागतो आणि थंडी पाठीकडून येते. म्हणून आहे ती पातळ चादर अंगावर न घेता आधी अंगाखाली पसरावी. पातळ कापडातून डास खालूनही चावतात, त्यावरही हीच चादर उपयोगी पडते. मच्छरदाणी मात्र वगळू नये. तिचे वजन साडेतीनशे ग्रॅम, हिवतापाच्या मानाने काहीच नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्यावा, तो लवकर वाळतो. घाटमाथ्यावर जानेवारीत जाणाऱ्यांनी हा हिशेब धरू नये, तेथे ऊब लागतेच.

फेब्रुवारीत त्याच वाटेने पुन्हा निघालो तेव्हा पाण्याशिवाय पिशवी ६ किलो होती. मी इतका हुरळलो की पाणीही कमी केले. प्रत्येकाजवळ एकच लिटर! पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो, ही काटछाट सर्वांत सोपी वाटली. सड्यावर जांभा दगड तापलेला, सावलीला झुडूप नाही. अकराच्या सुमारास आमच्यातल्या एकाला भोवळ आली, त्याचे बोलणे अडखळू लागले. त्याला धरून उतारावरच्या पहिल्या घरापर्यंत नेले. घरच्या आजींनी ओसरीवर निजवून अंगावर ओला पंचा टाकला व मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. तासाभराने तो सावरला. पाणी कमी घेण्याची सूचना माझी होती, हे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही. म्हणून मीच येथे सांगतो.

आता माझी पिशवी तीन लिटर पाण्यासह ९ किलो भरते. त्यात ८५० ग्रॅम झोळी, नवार व दोर, ६०० ग्रॅम छताचे कापड, एक किलो पोहे, शेंगदाणे आणि गूळ. बाकी किरकोळ. पाण्याच्या बाटल्या मी बाहेर लोंबकळत ठेवीत असे. दादांनी त्या आत, पाठीलगत, खांद्यांच्या उंचीला बसवल्या. म्हणाले, “ओझं पाठीला चिकटलं की अर्धं होतं, लोंबलं की दुप्पट.” काट्यावर वजन तेच भरले, पण वेळणेश्वरची चढण या खेपेस मी न थांबता चढलो.