इवलासा राखणदार

युरोप खंडाच्या उत्तर भागात बाल्टिक नावाचा समुद्र आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या प्रदेशास पॉमेरेनिया असे म्हणतात. आज या प्रदेशाचा काही भाग जर्मनीत व बराचसा पोलंडमध्ये मोडतो. हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडते. या प्रदेशाचे नाव जगातील घराघरांत ज्याने पोहोचविले तो कोणी राजा नव्हे की सेनापती नव्हे. तो आहे एक कुत्रा. त्याला पॉमेरेनियन म्हणतात. कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, उभे टोकदार कान, पाठीवर पिसाऱ्यासारखी पसरलेली शेपटी आणि अंगभर पिंजलेल्या कापसासारखे केस, असे त्याचे रूप असते. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याचे वजन साधारणतः दीड ते सव्वातीन किलो भरते. घरातील एखादे लठ्ठ मांजर याहून जड असते!

आपल्याकडे पांढऱ्या, झुबकेदार केसांच्या कोणत्याही कुत्र्यास सरसकट ‘पामेरियन’ म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळ कुत्री इंडियन स्पिट्झ या निराळ्या जातीची असतात. ही जात अंगाने अधिक थोराड असून आपल्या हवेला चांगली सरावलेली आहे. 1994 सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी हा अशाच पांढऱ्या स्पिट्झ कुत्र्यांपैकी एक होता. खरा पॉमेरेनियन मात्र त्याहून पुष्कळच लहान असतो.

तो मुळात इतका लहान नव्हता. त्याचे पूर्वज थंड प्रदेशात राहणारे, घरादाराची व गुराढोरांची राखण करणारे चांगले धिप्पाड कुत्रे होते. 1761 साली मेक्लेनबुर्ग या पॉमेरेनियाच्या शेजारच्या संस्थानातील राजकन्या शार्लट ही इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची राणी झाली. तिच्यामुळे ही कुत्री इंग्लंडच्या राजवाड्यात आली. थॉमस गेन्सबरो या प्रसिद्ध चित्रकाराने त्या काळी रंगविलेल्या चित्रांत ती दिसतात, आणि आजच्या पॉमेरेनियनशी त्यांचा काही संबंध असेल असे पाहणाऱ्यास वाटत नाही, एवढी ती मोठी आहेत. पुढे शार्लटची नात व्हिक्टोरिया राणी 1888 साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेली असता तिने मार्को नावाचा एक पॉमेरेनियन घेतला. त्याचे वजन साडेपाच किलोंच्या आसपास होते. राणीला आवडला म्हणजे सर्वांना आवडला! लहान पॉमेरेनियन पाळण्याची जणू लाटच इंग्लंडात उसळली. 1901 च्या जानेवारीत राणी मरणशय्येवर असताना तिने आपल्या तुरी या आवडत्या पॉमेरेनियनला जवळ आणविले होते.

कुत्रा असा लहान होतो तरी कसा? त्याची उपासमार करून नव्हे. प्रत्येक पिढीतील सर्वांत लहान नर व सर्वांत लहान मादी निवडून त्यांचीच पिल्ले वाढवावयाची, असे वर्षानुवर्षे केले म्हणजे वंश लहान लहान होत जातो. शरीराच्या वाढीचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा यात मोठा वाटा आहे, असे शास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवून दिले. 2022 साली याहून नवलाची गोष्ट उघडकीस आली. लहान अंगाशी निगडित असलेला त्या जनुकातील भेद पन्नास हजार वर्षांहून अधिक जुन्या लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. म्हणजे लहानपणाचे बीज लांडग्याच्याच ठायी होते. मनुष्याने ते हेरून वाढविले.

शरीर लहान झाले, पण शरीरातील सारे काही त्या प्रमाणात बदलले नाही. मोठ्या अल्सेशियन कुत्र्याच्या जबड्यात बेचाळीस दात असतात. पॉमेरेनियनच्या चिमुकल्या जबड्यातही निसर्गाने बेचाळीसच दात बसविले आहेत! स्वभावाचेही तसेच. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले की हा दोन किलोंचा प्राणी दाराशी धावतो आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात भुंकू लागतो. रस्त्यात आपल्या दसपट वजनाचा कुत्रा समोर आला तरी त्याच्यावर धावून जाण्यास तो कचरत नाही. आपण लहान आहोत हे त्याला मुळी ठाऊकच नसते. ते त्याच्या माणसांनी ध्यानात ठेवावयाचे असते.

कुत्र्यांच्या जाणकारांत अशा लहान जातींना ‘टॉय’, म्हणजे खेळणे, म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मोठा फसवा आहे. खेळणे हातातून पडले तर फार तर मोडते. पॉमेरेनियनच्या पुढच्या पायांची हाडे एखाद्या पेन्सिलीइतकी बारीक असतात. पलंगावरून मारलेल्या उडीने किंवा मुलाच्या कडेवरून निसटल्यानेही ती मोडू शकतात. म्हणूनच त्याला उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली घ्यावा लागतो. पुढचे पाय धरून उचलणे हा तर निव्वळ अडाणीपणा होय. लहान मुलांनी उभ्याने त्याला उचलूच नये. जमिनीवर मांडी घालून बसावे व त्याला आपणहून मांडीवर येऊ द्यावे. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणे हे दुखणेही या जातीत बरेच आढळते. चालता चालता कुत्रा मध्येच एक पाय वर धरतो, तीन पायांवर चार पावले उड्या मारतो आणि मग काही घडलेच नाही असे चालू लागतो. मुलांना ती गंमत वाटते. परंतु ती गंमत नव्हे. ते पशुवैद्यास दाखविण्याजोगे लक्षण होय.

सर्वांत अधिक दक्षता घ्यावी लागते ती पिल्लाच्या खाण्याची. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाचे वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास असते. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा कितीसा राहणार? शिवाय लहान शरीरातील उष्णता मोठ्या शरीराच्या मानाने लवकर बाहेर जाते, त्यामुळे तो साठा झपाट्याने खर्च होतो. एखादे जेवण चुकले किंवा पाहुण्यांच्या गडबडीत पिल्लू दिवसभर हाताळले गेले, तर त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. ते सुस्त पडते, चालताना झोकांड्या खाते, थरथरते आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्ध होऊन दगावतेही. अशा वेळी थोडा मध किंवा साखरेचे पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळावे, त्याला उबदार फडक्यात गुंडाळावे आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी मात्र कदापि ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. हा प्रसंगच येऊ नये म्हणून पिल्लास दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालतात. घरातील एखाद्या मुलाने हे काम अंगावर घेतले असेल, तर ‘आज विसरलो’ म्हणण्याची सोय त्याला उरत नाही.

पिल्लू मोठे झाले म्हणजे उलटीच अडचण येते. जेवणाऱ्या प्रत्येकाकडे ते अशा नजरेने पाहते की कोणाचाही हात पुढे होतो. आजोबांनी दिलेला चपातीचा तुकडा, ताईने दिलेले बिस्किट आणि आईने दिलेला पनीरचा तुकडा यांची बेरीज कोणी करीत नाही. दोन किलोंच्या कुत्र्याचे वजन अर्धा किलो वाढणे म्हणजे साठ किलोंचा मनुष्य पंचाहत्तर किलोंचा होणे. हा सारा भार त्या बारीक पायांवर पडतो. काही पदार्थ तर कुत्र्याला विषासमान आहेत. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण ही त्यांपैकी नेहमीची नावे. जेवढे चॉकलेट तीस किलोंच्या कुत्र्यास केवळ बेचैन करील, तेवढेच या इवल्या जिवाचा प्राण घेऊ शकते.

बेचाळीस दातांची गोष्ट वर आलीच आहे. ते दाटीवाटीने उभे असल्याने त्यांच्या फटींत अन्नकण अडकतात, हिरड्या सुजतात व दात अकाली पडतात. कधी कधी दुधाचे दात न पडताच त्यांच्या शेजारी कायमचे दात उगवतात. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचे तोंड उघडून पाहिल्यास दुहेरी सुळे सहज दिसतात. ते पशुवैद्याकडून काढून घ्यावे लागतात. दात रोज मऊ ब्रशाने घासावे, पण त्यासाठी कुत्र्यांचीच पेस्ट वापरावी. माणसांची पेस्ट त्याच्या पोटात जाणे बरे नव्हे.

फिरावयास नेताना गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा बांधणे हिताचे असते. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. या जातीत त्या कड्या पुष्कळदा दुबळ्या असतात. गळपट्ट्याला हिसके बसले की नलिका दबते आणि कुत्रा बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला काढू लागतो.

आता त्याच्या केसांविषयी. आत मऊ, दाट लोकर व तिच्यावर लांब, काहीसे राठ केस असा त्याचा दुहेरी पोशाख असतो. पॉमेरेनियाच्या हिवाळ्यात तो शोभतो. नागपूर-चंद्रपूरच्या वैशाखात तो अंगावर असणे म्हणजे शिक्षाच. मग पुष्कळांना वाटते की सारे केस मुळापासून कापून टाकावे. हे करू नये. त्या केसांमुळेच उन्हाची झळ थेट कातडीला लागत नाही. शिवाय एकदा मुळासकट कापलेले केस काही वेळा पूर्वीसारखे उगवतच नाहीत. टक्कल पडलेले चट्टे राहतात. याउलट, आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरून सुटलेली लोकर काढून टाकली तर हवा आतपर्यंत खेळते. कानांमागे व काखेत गुंता आधी होतो, म्हणून तेथे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववितो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू काही क्षण टेकवून पाहावी. आपल्याला जे सोसवत नाही ते त्याच्या पावलांना कसे सोसवेल?

कुत्रा कितीही लहान असला तरी त्याला रेबीजची लस टोचून घेणे आवश्यक असते. पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देतात, आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी लागते. इवलासा दात लागला म्हणून जखम दुर्लक्षू नये. ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. ही गोष्ट घरी सांगावयास मुले पुष्कळदा भितात. तेथे भीती बाळगणे मात्र जिवावर बेतू शकते.

अलीकडे ‘टीकप’, म्हणजे चहाच्या पेल्यात मावणारे, असे म्हणून अतिशय लहान पिल्ले भारी किमतीला विकली जातात. अशी कोणतीही मान्य जात नाही. वेताच्या पिल्लांतील सर्वांत रोडके पिल्लू निवडून किंवा पिल्लास आईपासून वेळेपूर्वी तोडून त्यास हे गोंडस नाव दिले जाते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास भारतात 2017 च्या नियमांनी बंदी आहे. छायाचित्रात सुंदर दिसणारे ते पिल्लू घरी येते तेव्हा त्याच्या शरीरात उभे राहण्यापुरतीही शक्ती नसते, असे कित्येकदा घडते.

चांगली निगा राखली तर पॉमेरेनियन बारा ते सोळा वर्षे जगतो. बारा वर्षांच्या मुलीने आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा ती पंचविशी ओलांडून गेलेली असेल. उतारवयात त्याच्या डोळ्यांवर सारा येतो, कान मंद होतात. तरीही सवयीने ते घरभर हिंडते, कारण कपाट कोठे आहे आणि उंबरठा कोठे आहे हे त्याला पाठ झालेले असते. म्हणून त्याच्या घरातील सामान फारसे हलवीत नाहीत. पाण्याचे भांडे नेहमीच्याच कोपऱ्यात ठेवतात. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्यास एकदम हात लावला तर तो दचकून चावतो, म्हणून जवळ जाताना आधी जमिनीवर पाय हलकेच आपटतात. तो हादरा पोटाला जाणवला की तो मान उचलतो, हवेत नाक फिरवून वास घेतो आणि ओळख पटली म्हणजे शेपटी हलवतो.