रोलर आणि चेंडू

शनिवारचा दिवस होता. सकाळची शाळा सुटली आणि आमचा क्रिकेटचा संघ एस.टी.ने एका लहान गावी निघाला. तेथील मुलांनी आम्हांला दोन सामन्यांसाठी बोलावले होते. एक सामना शनिवारी दुपारी होता, दुसरा रविवारी सकाळी. मुलांच्या आनंदाला सीमा नव्हती. कोणाच्या हातात बॅट होती, कोणाच्या खांद्यावर यष्ट्यांची पिशवी होती. घरून आलेले डबे तर गाडी सुटताच उघडले गेले.

गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे मैदान होते. एका बाजूला उसाचे शेत होते आणि दुसऱ्या बाजूला बाभळीची झाडे. मैदानाच्या मधोमध एक माणूस एकटाच दगडी रोलर ओढत होता. ऊन कडक होते. त्याचा सदरा घामाने भिजला होता. आमची मुले त्याच्या जवळून गेली. पण कोणी सलाम केला नाही, कोणी त्याचे नाव विचारले नाही. एक मुलगा एवढेच म्हणाला, "ए, पाणी कुठे आहे?" त्या माणसाने मुकाट्याने झाडाखालच्या माठाकडे बोट दाखवले.

सामना आम्ही हरलो. खेळ संपल्यावर चहा आला. दोन्ही संघांतील सर्वांना कप मिळाले. रोलर ओढणारा माणूस मात्र मैदानाच्या कडेला बसून होता. त्याला कोणी चहा विचारला नाही. मीही विचारला नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

रात्री आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. जेवण झाल्यावर मुले माझ्याभोवती गोळा झाली. "सर, एखादी गोष्ट सांगा ना! क्रिकेटचीच सांगा," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढून दुपारचा तो रोलर हलत नव्हता. म्हणून मी त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक खरी गोष्ट सांगितली. तीही एका संघाच्या दौऱ्याचीच गोष्ट होती.

"पुण्यात पालवणकर बाळू नावाचे एक तरुण होते. त्यांचा जन्म धारवाडचा. ते चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत असत. त्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, त्यांना शेजारी बसू देत नसे. बाळूंचे वडील फौजेत नोकरीला होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम क्रिकेट खेळायला शिकले.

"घरची गरिबी होती. लहान वयातच बाळूंना काम करावे लागले. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास त्यांना इंग्रजांच्या क्लबात नोकरी मिळाली. तेथे महिना चार रुपये मिळत. रोलर फिरवणे, रेषा आखणे, जाळी उभारणे आणि खेळाडूंच्या सरावासाठी चेंडू टाकणे, अशी सगळी कामे ते करत."

"सर, म्हणजे तेही आजच्या त्या माणसासारखेच होते!" मागे बसलेला एक मुलगा हळूच म्हणाला.

"हो, अगदी तसेच. बाळू डाव्या हाताने फिरकी चेंडू टाकत. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक उत्तम फलंदाज होते. ते इतरांच्या आधी तासभर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळूंनी बाद केले, की ते प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. आठ आणे म्हणजे त्या वेळी बाळूंच्या जवळजवळ चार दिवसांच्या पगाराइतके झाले! अशा रीतीने तासन्‌तास चेंडू टाकून बाळू तयार झाले. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या क्लबात त्यांच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि कष्ट नोकराने करायचे, अशी रीत होती.

"पुण्यातील हिंदू खेळाडूंचाही एक संघ होता. त्यांना इंग्रजांना हरवायचे होते. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. काही जण म्हणाले, 'घ्यावे.' काही जण म्हणाले, 'नको.' शेवटी त्यांना संघात घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. पण चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. ते भांडे नंतर फेकून देत. त्यांचे जेवणही वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर असे. ज्यांच्यासाठी ते सामना जिंकून देत, तेच त्यांच्याबरोबर जेवत नसत."

मुले गप्प झाली. मी पुढे सांगू लागलो.

"मग हा संघ साताऱ्याला सामना खेळायला गेला. सातारा म्हणजे अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. एके काळी ती छत्रपतींची राजधानी होती. आता तेथे इंग्रजांची जिमखाना होती आणि तिच्यात फक्त गोऱ्यांनाच प्रवेश होता. बाळूंची कीर्ती तेथे आधीच पोहोचली होती. जिमखान्याच्या लोकांनी एक युक्ती केली. त्यांनी मैदानाच्या माणसाला हुकूम दिला, की सामन्याआधी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरव."

"सर, पण रोलर फिरवल्याने काय होते?" आमच्या संघाच्या यष्टिरक्षकाने विचारले.

"चांगला प्रश्न आहे. फिरकी चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा तो गरगर फिरत असतो. माती थोडी भुसभुशीत असली, तर चेंडू मातीला धरतो आणि एकदम वळतो. खेळपट्टीवर भेगा किंवा उंचवटे असले, तर तो कधी वर उडतो, कधी खाली राहतो. फलंदाजाला अंदाज येत नाही. पण जड रोलर फिरवला, की माती दाबली जाते. खेळपट्टी टणक आणि सपाट होते. चेंडू सरळ येतो आणि सारख्या उंचीवर उडतो. अशा खेळपट्टीवर फलंदाजाची चैन आणि फिरकी गोलंदाजाचे हाल! बाळूंच्या चेंडूची धार बोथट करावी, हाच साताऱ्याच्या साहेबांचा विचार होता.

"पण ते एक गोष्ट विसरले. रोलर काय करतो, हे बाळूंना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी कित्येक वर्षे तो ओढला होता. शिवाय चांगला गोलंदाज केवळ खेळपट्टीवर अवलंबून नसतो. तो चेंडूचा वेग बदलतो, उंची बदलतो, टप्पा बदलतो. बाळूंना हे सारे येत होते. त्या गुळगुळीत खेळपट्टीवर त्यांनी सात गडी बाद केले आणि त्यांच्या संघाने सामना सहज जिंकला."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण कर्णधार मात्र विचारात पडला होता. "सर, त्या दिवशी तरी त्यांना आत बसून चहा मिळाला का?" त्याने विचारले.

"बेटा, त्या दिवसाचे मला सांगता येणार नाही. पण जुन्या रिती एका सामन्याने मोडत नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या काळचे मोठे समाजसुधारक. त्यांनी पुण्याच्या खेळाडूंना सांगितले, की तुम्ही बाळूंबरोबर खेळता, तर त्यांच्याबरोबर खाल्ले-प्यालेही पाहिजे. पुढे एका जाहीर सभेत रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचे कौतुक केले. नंतर बाळू मुंबईला आले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने इंग्रजांच्या संघाला 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. तेव्हा ज्या जिमखान्यासाठी ते खेळत, तिच्या उपाहारगृहाचे दार त्यांच्यासाठी हळूहळू उघडू लागले.

"1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज त्याचे कर्णधार होते. संघात हिंदू होते, मुसलमान होते, पारशीही होते. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, दोघेही त्यात होते. त्या दौऱ्यात बाळूंनी 114 गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. 1955 साली बाळू वारले. एका दारातून आत जायला या घराण्याला किती वर्षे लागली, पाहा."

गोष्ट संपली. कोणी काही बोलले नाही. ओढ्याकडून बेडकांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मुले आपापल्या अंथरुणावर गेली.

रविवारी सकाळी मी मैदानावर पोहोचलो, तर रोलर आधीच फिरत होता. पण आज तो एकटा माणूस ओढत नव्हता. आमचा कर्णधार आणि आणखी तीन मुले त्याच्याबरोबर रोलरला लागली होती. "काका, अजून किती वेळा फिरवायचा?" ती विचारत होती. काका हसत होते. "तुम्ही पोरं दमाल, जा, खेळा," ते म्हणत होते. आता आम्हांला त्यांचे नाव कळले होते. ते तीस वर्षे हे मैदान सांभाळत होते, हेही कळले.

चहाच्या वेळी काल "ए" म्हणणारा मुलगा दोन कप घेऊन त्यांच्याकडे गेला. एक कप त्यांना दिला आणि दुसरा घेऊन तो त्यांच्या शेजारी मातीतच बसला.

दुसरा सामनाही आम्ही हरलो. परत येताना एस.टी.त मुले हरल्याबद्दल फारशी बोलली नाहीत. पुढच्या महिन्यात त्या गावच्या संघाला आपल्या गावी बोलवायचे आणि त्यांच्याबरोबर काकांनाही बोलवायचे, असे त्यांनी ठरवले.

शब्दार्थ

मुकाट्याने – चुपचाप, काही न बोलता
मुक्काम – रात्री राहण्याची जागा, कयाम
खेळपट्टी – पिच
फलंदाज – बल्लेबाज
गोलंदाज – चेंडू टाकणारा खेळाडू
गडी बाद करणे – विकेट घेणे
भुसभुशीत – सैल, मोकळी (माती)
धार बोथट करणे – जोर कमी करणे
कीर्ती – शोहरत
कौतुक – तारीफ
रीत – चाल, दस्तूर

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पारशी लोकांच्या क्लबात बाळूंना महिना किती पगार मिळत असे?
(आ) बाळू कोणत्या हाताने गोलंदाजी करत?
(इ) साताऱ्याच्या सामन्यात बाळूंनी किती गडी बाद केले?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जिमखान्याच्या लोकांनी आठवडाभर रोलर का फिरवायला लावला?
(आ) न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना काय सांगितले?
(इ) शनिवारी आणि रविवारी मुलांच्या वागण्यात कोणता फरक दिसला?

3. मैदान, हुकूम, फौज, कबूल, सलाम हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

4. तुमच्या शाळेत झाडलोट करणारे, पाणी भरणारे, घंटा वाजवणारे लोक कोण आहेत? त्यांच्यापैकी एकाशी बोला आणि त्यांच्या कामाविषयी मराठीत आठ ओळी लिहा.